मुलांना शाळेत काय खायला मिळते? हिंगोलीतली खिचडी, बंद झालेले अंडे आणि फाटकासमोरचे दुकान

गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत दोन प्रकारची शाळकरी मुले वारंवार येऊ लागली आहेत.

पहिली, खेड्यातली नववी-दहावीतली मुलगी. "प्रार्थनेला उभी होती, चक्कर येऊन पडली," असे सांगत आई घेऊन येते. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतली बाजू पांढरट दिसते. रक्त तपासले की हिमोग्लोबिन ८ च्या आसपास निघते. सकाळी काय खाल्ले विचारले तर उत्तर "चहा". शाळेत काय खाल्ले? "पाच रुपयांचा पुडा." आई सकाळी सातलाच वावरात खुरपायला गेलेली असते.

दुसरा, शहरातला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा. आईची तक्रार असते की मानेवर काळा थर बसलाय, कितीही घासला तरी निघत नाही. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. वजन पंधरा-वीस किलोने जास्त, घरात आजोबांना मधुमेह, आणि डब्यात रोज बिस्किटे किंवा झटपट नूडल्स.

पहिल्या मुलीला अन्न कमी पडते, दुसऱ्या मुलाला चुकीचे अन्न जास्त होते. दोघांच्याही दिवसाचे पाच-सहा तास शाळेत जातात. म्हणून "शाळेत पौष्टिक अन्न मिळायला हवे का?" या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर म्हणून मी एका शब्दात देऊ शकतो: हो. पण आपल्या जिल्ह्यात हे अन्न द्यायचे कोणी, त्याचे पैसे कोणी भरायचे आणि सध्या ते का अडले आहे, हे समजून घेणे पालकांसाठी जास्त गरजेचे आहे.

आपल्याकडे कॅन्टीन म्हणजे नेमके काय?

मुंबई-पुण्याच्या बातम्यांत शाळेचे कॅन्टीन म्हटले की काउंटर, कूपन आणि सामोसे डोळ्यासमोर येतात. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतल्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांत असे काही नसते. आपल्या मुलांचे कॅन्टीन तीन ठिकाणी विभागलेले आहे: शाळेत शिजणारी खिचडी, घरून नेलेला डबा आणि फाटकासमोरची टपरी.

यातली खिचडी ही सरकारची जबाबदारी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर ही योजना सुरू झाली, तेव्हा शिजवलेल्या अन्नाऐवजी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. आज पालक असलेल्या अनेकांना ती पिशवी आठवत असेल. तो तांदूळ घरातल्या सगळ्यांत वाटला जायचा, मुलाच्या वाट्याला किती येई हे कोणालाच सांगता येत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मुलांना शाळेत शिजवलेले जेवणच द्यायचे. २०२१ मध्ये योजनेचे नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' झाले. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना ती लागू आहे.

एका ताटात किती पोषण?

नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी हे प्रमाण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असे आहे.

लहान मुलासाठी कच्च्या मालाचे माप असे: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. आता हिशेब करून पाहू. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ७ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि २० ग्रॅम डाळीतून साडेचार ते पाच ग्रॅम. बेरीज बाराच्या जवळ जाते. म्हणजे माप पूर्ण असेल तर नियम जेमतेम पाळला जातो. डाळ निम्मी पडली, खिचडी पातळ झाली, तर प्रथिने लगेच साडेनऊवर येतात. पोट भरल्यासारखे वाटते, कारण भात तेवढाच असतो. फरक मुलाच्या स्नायूंत आणि उंचीत पडतो, आणि तो रोज डोळ्यांना दिसत नाही.

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे शाळेचे एक जेवण नीट झाले तर निम्मी गरज तिथेच भागते. ज्या घरात सकाळी चहा आणि रात्री भाकरी-पिठले एवढेच असते, त्या घरातल्या लेकरासाठी शाळेतले जेवण हे दिवसातले सगळ्यात महत्त्वाचे जेवण आहे.

यासाठी पैसे किती मिळतात? तांदूळ सरकारी गोदामातून मोफत येतो. डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधनासाठी मे २०२५ पासून पाचवीपर्यंतच्या एका मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे असा दर आहे. लहान मुलाच्या वाट्याची ही रक्कम टपरीवरच्या दहा रुपयांच्या पाकिटापेक्षाही कमी आहे. खिचडीत भाजी का दिसत नाही, असा राग शिक्षकांवर किंवा स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर काढण्याआधी हा आकडा लक्षात घ्यावा.

अंडे आले आणि गेले

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की आठवड्यातून एकदा मुलांना अंडे द्यायचे आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळी किंवा स्थानिक फळ. अंड्यामागे पाच रुपये धरले होते. जून २०२४ मध्ये पंधरा पदार्थांची नवी पाककृती आली: मसालेभात, चवळी खिचडी, सोयाबीन पुलाव, मटकीची उसळ, मूग-शेवगा वरण-भात, अंडा पुलाव, तांदळाची खीर, नाचणीचे सत्त्व वगैरे. कागदावर ही यादी खरोखर चांगली होती. डाळ, मोड आलेले कडधान्य, शेवगा, नाचणी हे सगळे पदार्थ आहारतज्ज्ञ सांगतात तसेच त्यात होते.

जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंडी आणि गोड पदार्थांची साखर यासाठीचा निधी थांबवला. हे पदार्थ ऐच्छिक झाले आणि ते द्यायचे असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करावेत असे ठरले. या तरतुदीचा खर्च वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये होता. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा आहे. म्हणजे सरकार खर्च करत असलेल्या दर एक लाख रुपयांतले साधारण सात रुपये.

साखरेचा निधी गेला याचे मला फार दुःख नाही. नाचणीचे सत्त्व थोड्या गुळातही होते. पण अंड्याचे तसे नाही. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम दर्जाची प्रथिने, जीवनसत्त्व अ आणि बी-१२ मिळते. बी-१२ भात, डाळ किंवा भाजीत नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येते, आणि आपल्याकडे ज्या घरात दूध डेअरीला जाते तिथे मुलांना ते चहापुरतेच मिळते.

आठवड्याला एका अंड्याने कुपोषण संपणार नव्हते, हेही खरे. तामिळनाडूत शाळेच्या दिवशी रोज उकडलेले अंडे मिळते. कर्नाटकात २०२१ मध्ये बिदर, कलबुर्गी या आपल्या शेजारच्या मागास भागांपासून अंडी सुरू झाली आणि २०२४ मध्ये खासगी संस्थेच्या मदतीने ती आठवड्यातून सहा दिवसांवर गेली. देगलूर ओलांडून बिदर जिल्ह्यात गेले की मुलाच्या ताटात अंडे असते, अलीकडे नाही. आपण एकावरून दोनवर जायला हवे होते, शून्यावर आलो.

लोकसहभाग ही कल्पना ऐकायला चांगली वाटते. पण ज्या गावात चांगले व्यापारी, नोकरदार आणि बागायतदार आहेत तिथे वर्गणी जमेल. ज्या तांड्यावरची अर्धी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथे कोण देणार? मदतीची गरज जिथे सगळ्यात जास्त, तिथेच ती सगळ्यात कमी पोचेल. याच कारणासाठी मुलांचे अन्न वर्गणीवर सोडू नये असे माझे मत आहे.

अंडे नको असेल तर?

अनेक घरांत अंडे चालत नाही, आणि त्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. पण पर्याय तोडीचा असावा. केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात. केळे चांगले फळ आहे, पण ते अंड्याची जागा घेऊ शकत नाही. त्यापेक्षा मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात सात ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. शेंगदाणा-गुळाची चिक्की, फुटाणे, किंवा एक पेला दूध हे खरे पर्याय आहेत. (शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना तो देऊ नये.)

आणि सोयाबीन? आपला जिल्हा ते पोत्यांनी पिकवतो आणि सगळे मोंढ्यावर विकतो. घरात दळणात नऊ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन टाकले तर चव फारशी बदलत नाही आणि प्रथिने वाढतात. सोयाबीन आधी भाजून किंवा उकळत्या पाण्यात शिजवून, वाळवून घ्यावे. कच्चे दळू नये, ते पचत नाही.

फाटकासमोरच्या दुकानाचे काय?

मे २०१७ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांच्या कॅन्टीनमध्ये चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, केक, थंड पेये अशा जास्त मीठ, साखर आणि चरबीच्या पदार्थांना मनाई केली आणि त्याऐवजी पोळी-भाजी, पुलाव, खिचडी, उपमा, इडली असे पदार्थ ठेवायला सांगितले. पुढे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केले: शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकायचे नाहीत आणि त्यांची जाहिरातही करायची नाही. जुलै २०२४ मध्ये जास्त कॅफीनची एनर्जी ड्रिंक्स शाळेपासून ५०० मीटरपर्यंत विकू देणार नाही, अशी घोषणा राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी विधान परिषदेत केली. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांत 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, म्हणजे कोणत्या पेयात किती साखर आहे हे मुलांना दिसेल असा फलक.

नियम कमी नाहीत. तुमच्या गावातल्या शाळेच्या फाटकातून पन्नास पावले चालून पाहा, म्हणजे अंमलबजावणी किती आहे ते कळेल.

पण फक्त दुकान हटवून प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. मूल ५० मीटर चालते तसे ६० मीटरही चालते. शिवाय ही टपरी पुष्कळदा एखाद्या विधवा बाईची किंवा अपंग माणसाची रोजीरोटी असते. खरी अडचण रिकाम्या पोटाची आहे. न्याहारी न करता आलेल्या मुलाच्या खिशात दहा रुपये असतील तर तो सगळ्यात चटकदार वस्तूच घेणार. आपणही त्या वयात तेच केले असते.

म्हणून दोन गोष्टी एकत्र व्हाव्यात. दुकानदाराला काय विकू नको हे सांगताना काय विक हेही सांगावे: फुटाणे, शेंगदाणे, चिक्की, उकडलेले हरभरे, केळी, पेरू, बोरं, घरचे ताक. यातले बरेचसे पाच-दहा रुपयांत बसते. आणि मुलाला घरून काहीतरी खाऊनच पाठवावे.

थंड पेयाचा एक साधा हिशेब मुलांना सांगा. २५० मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. चहात कोणी एवढी साखर टाकली तर आपण पिणार नाही. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर तर ते लहान मुलांसाठी नाही असे छापलेलेच असते. बारीक अक्षरात असते, म्हणून वाचून दाखवा.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. १५ ते १९ वयाच्या ५७ टक्के मुलींत रक्तक्षय होता. दुसरीकडे, २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १० ते १९ वयाच्या सुमारे १० टक्के मुलांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. ओपीडीतली ती मुलगी आणि तो मुलगा अपवाद नाहीत.

यात एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. शाळेचे जेवण आठवीला थांबते. नेमक्या त्याच वयात मुलींना पाळी सुरू झालेली असते, उंची झपाट्याने वाढत असते आणि लोहाची गरज वाढते. म्हणजे गरज वाढते तेव्हा ताट बंद होते. नववी-दहावीच्या मुलींसाठी ही योजना वाढवली तर रक्तक्षयाच्या किती तरी केसेस माझ्यापर्यंत येणारच नाहीत.

पालकांनी काय करावे?

१. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. बैठकीला जा. आज काय शिजले, डाळ किती मोजली, भाजी होती का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. महिन्यातून एकदा तरी मुलांसोबत बसून तेच जेवण जेवून पाहा.

२. स्वच्छतेकडे लक्ष द्या. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत जेवणातून कीटकनाशक गेले आणि २३ मुले दगावली. आपल्याकडे प्रत्येक घरात फवारणीचे औषध असते. त्याचा रिकामा डबा धुऊनसुद्धा तेल-पाण्यासाठी वापरू नका, शाळेतही वापरू देऊ नका. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने अन्न चाखलेच पाहिजे.

३. सकाळी चहा-बिस्किटाऐवजी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दूध-भाकरीचा काला, किंवा मोड आलेली मटकी द्या. दहा मिनिटांचे काम आहे.

४. खिचडीवर लिंबू पिळायला सांगा. डाळीतले आणि पालेभाजीतले लोह त्यामुळे जास्त शोषले जाते. जेवणासोबत आणि नंतर तासभर चहा नको, तो लोह अडवतो.

५. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (लहान मुलांना गुलाबी, दहा वर्षांपुढे निळी) आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी मुलाने घेतली का, ते विचारा. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका, ते अपेक्षित आहे.

६. डबा देत असाल तर नूडल्स आणि बिस्किटे आठवड्यातून एखाद्या दिवसापुरती ठेवा. पूर्ण बंदी घातली की मूल लपून खाते.

डॉक्टरकडे कधी दाखवावे?

मूल लवकर दमत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल, माती-खडू-कच्चे तांदूळ खात असेल. वर्षभरात उंची किंवा वजन वाढलेच नसेल. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळा थर आला असेल. तहान आणि लघवी एकदम वाढून वजन उतरत असेल, तर थांबू नका. शेवटचे लक्षण असेल तर त्याच दिवशी साखर तपासा. बारा-चौदा वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. "वयात येताना असे होतेच" म्हणून सोडून देऊ नका. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

नववीतल्या अशा मुलींना मी लोहाच्या गोळ्या लिहून देतो, आणि तीन महिन्यांत त्यांचे रक्त वाढतेही. पण गोळ्या संपल्यावर पुन्हा चहा आणि पाच रुपयांचा पुडा सुरू झाला तर सहा महिन्यांनी त्या परत माझ्यासमोर बसतात. माझ्या हातात तेवढेच आहे. ताटात काय पडावे हे ठरवणे सरकारच्या, शाळेच्या आणि तुमच्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे, एवढे उद्या मुलाला सोडायला गेल्यावर विचारून या.